घरची पत्रं शेवटी

घरून,
४ फेब्रुवारी

ती. ताईस,
खारूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. माझ्या मागच्या सगळ्या पत्रांची उत्तरं त्यात एकदम होती, त्यामुळे कुठलं उत्तर कुठल्या प्रश्नाचं हे मलाच जुळवावं लागलं. एका ओळीत नुसतं ‘हो, चालेल’ असं लिहिलंयस. ते वहिनीच्या खोकल्याबद्दल की माझ्या नव्या गिऱ्हाइकाबद्दल, हे अजून कळलेलं नाही. तक्रार नाही हं. परक्या बायकांची पत्रं आधी आणि घरची शेवटी, हा तुझा नियम मला पाठ आहे. तुमच्या महिला मदत केंद्रातला फोन त्यांच्यासाठी मोकळा ठेवायचा, घरच्यांनी त्यावर गप्पा मारायच्या नाहीत, तोही पाठ आहे. बाबा म्हणायचे, आपली ताई मंत्री झाली असती तर भेटायला आपल्यालाही आत चिठ्ठी पाठवावी लागली असती.

घरची खबर अशी. बाबांची खाट वहिनीने माळ्यावर टाकली आणि तिथे इस्त्रीचं टेबल मांडलं. खाट रिकामी बघवत नव्हतीच. दादाला चष्म्याच्या दुकानाची जागा सोडावी लागणार आहे, मालकाच्या मुलाला ती हवी आहे. म्हणून आपलं घर पाडून खाली दुकान आणि वर राहायच्या खोल्या काढायचं त्याच्या मनात आहे. नकाशाही काढून आणलाय. जेवताना तो ताटाशेजारी पसरून बसतो आणि वहिनी पाण्याचा तांब्या लांब सरकवते. मी त्यात माझी खोली शोधली. तिथे जिना आहे. दादाला विचारलं तर म्हणाला, अगं, हा कच्चा नकाशा आहे, पक्क्यात बघू.

तो कसल्याशा कागदासाठी तुझ्याकडे यायचं म्हणतोय. आला तर त्याला जेवू घाल, दुकानाच्या काळजीने वाळलाय तो. माझं बरं चाललंय. शाळेच्या सदऱ्यांचं काम मिळालंय. बाबांनी ते मोठं कपाट हलवून खिडकी मोकळी करून दिली तेव्हापासून दिवसभर दिवा लावावा लागत नाही, उजेड थेट सुईवर पडतो. बटणांचे डबे मात्र वाढतच चाललेत. खारू हे नाव बाबांनी उगीच ठेवलं नव्हतं.

माझी आठवण ठेव असं सांगत नाही, ती तू ठेवतेसच. पाकीट तेवढं लवकर फोड.

तुझी,
खारू


केंद्रातून,
१९ फेब्रुवारी

चि. खारूस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

उशीर झाला, रागावू नकोस. रविवार घरच्या पत्रांसाठी राखून ठेवते, पण या महिन्यात रविवार हातीच लागत नाहीयेत. बिस्किटांच्या कारखान्यात दिवसभर उभ्याने पुडे बांधणाऱ्या बायका होत्या ना, त्यांना शेवटी खुर्च्या मिळाल्या. किती वर्षं भांडत होतो त्यासाठी. पहिल्या दिवशी आम्ही मुद्दाम बघायला गेलो तर सगळ्या खुर्चीशेजारी उभ्या राहून काम करत होत्या. बसवतच नाही म्हणाल्या, काहीतरी चुकतंय असं वाटतं. मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

बाकी सभा चालूच आहेत. सध्या सगळीकडे कागदाचंच सांगते. कोणी सही मागितली तर लगेच करायची नाही. कागद एक रात्र घरात झोपू द्यायचा, सकाळी दुसऱ्या कोणाकडून मोठ्याने वाचून घ्यायचा आणि मगच पेन हातात धरायचं. परवा एका म्हातारीने विचारलं, नवरा शेजारी घोरत असला तर कागदाला झोप लागायची कशी. सभा तिथेच संपली म्हणायची.

तुझा दादा येऊन गेला. मी कोर्टाच्या व्हरांड्यात होते, आमचा पुकारा व्हायचा होता. त्याने पिशवीतून कागद काढला, बाबांच्या घरातला माझा हिस्सा सोडल्याचा. मी बाकावर बसल्याबसल्या सही करून टाकली. आमच्या वकीलबाईंनी भुवया वर केल्या. त्यांना म्हटलं, घरचंच आहे.

खरं सांगू, सही करताना मला मोकळं वाटलं. बाबांच्या आजारपणात त्याने त्यांना चमच्याने भरवलं, कूस बदलून दिली, अंथरुणं धुतली. आणि मी इथे एका बाईच्या निकालाची वाट बघत थांबले. निकाल आमच्या बाजूने लागला, पण तो बाबांना सांगायला मी पोचले तेव्हा ऐकायला बाबा नव्हते. तेव्हापासून ते मनावर आहे. दादा काही बोलत नाही, त्याने ते जास्तच बोचतं. निदान एवढं तरी माझ्या हातून त्याला मिळालं. मला कुठे त्या घरात संसार मांडायचाय. तुझीही काळजी नाही, तू तर त्यांच्यातच आहेस.

सदरे शिवताना पाठीला उशी घे. वहिनीला खोकल्याबद्दल विचारलंय म्हणून सांग.

इकडची माया तिकडे पोचत असेल, असं धरून चालते.

तुझी,
ताई


घरून,
२६ फेब्रुवारी

ती. ताईस,
खारूचा सा. न. वि. वि.

मी रागावलेली नाही, हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं नीट वाचशील.

दादाने काल जेवणं झाल्यावर तुझी सही माझ्यापुढे ठेवली. शेजारी माझ्यासाठी तसाच दुसरा कागद होता. म्हणाला, बायकांच्या हक्कांसाठी जन्मभर भांडणारी ताई सही करते, मग तुझं कुठे अडलंय. वहिनी तिच्या शांत आवाजात म्हणाली, आम्ही तुम्हाला कधी जा म्हटलंय का. खरंच कधी म्हटलेलं नाही. तेच तर अवघड आहे, ताई. वाईट वागले असते तर भांडायला बरं पडलं असतं.

तुला आठवतं का, तू मला माझ्या नवऱ्याच्या घरातून न्यायला आली होतीस. मी दारात घुटमळत होते आणि तू एकटीने मशीन उचलून टेम्पोत चढवलंस. तेव्हा म्हणालीस, बाबांच्या घरात एक भिंत तुझी आहे, तू कोणाच्या मेहेरबानीवर राहायला चाललेली नाहीस. त्या एका वाक्यावर मी उंबरा ओलांडला. तुझी भिंत आणि माझी भिंत, अशी मिळून माझी खोली होती. तू तुझी काढून देऊन टाकलीस. आता माझी एकटी उभी आहे, आणि तिथे जिना यायचाय.

मी अजून सही केलेली नाही. कागद तुझ्या नियमाप्रमाणे उशाखाली झोपवलाय. पण मोठ्याने वाचून घ्यायचा तर कोणाकडून? या घरात ज्यांना वाचता येतं त्यांनाच सही हवी आहे. दादा म्हणतो, दोघींच्या सह्या झाल्या की पुढच्या महिनाअखेरीला एकदमच नोंदणी करू. फोन करावा तर तो दुकानात, दादाच्या कोपराशी.

मी काय करू ते कळव. दोन ओळी लिहिल्यास तरी चालतील, पण कुठल्या प्रश्नाच्या ते या वेळी नीट लिही.

वाट बघणारी,
खारू


दुकानातून,
१० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सही दिलीस, माझं मोठं ओझं हलकं केलंस. आता खारूचं तेवढं बघ. ती नाही म्हणत नाही आणि हो पण म्हणत नाही. विचारलं की मशीन जोरात चालवते.

तिच्यापुढे उभं राहायची मला लाज वाटते, हे तुला म्हणून लिहितो. तिनेच शिवलेला सदरा घालून मी तिच्याकडे तिचा हिस्सा मागतो. पण जागा जातेय. बँकेतल्या साहेबांना घर एकाच्या नावावर असलेलं बरं वाटतं. दोन्ही मुलांची शिक्षणं व्हायची आहेत. तिची खोली पक्क्या नकाशातही बसत नाही, हे खरं. पुढच्या खोलीत पडदा लावून तिची नीट सोय करू, असं हिचं म्हणणं आहे. दारात पडलेली राहील असं मी होऊ देणार नाही, एवढा माझ्यावर विश्वास ठेव.

ती तुझंच ऐकते. तू तिला सही कर म्हणून एक ओळ लिही, म्हणजे मला रोज विचारावं लागणार नाही.

आहे तसा लोभ असू दे.

तुझा,
भाऊ


१४ मार्च

मा. कार्यकर्त्या बाईंना,
स. न. वि. वि.

मी शिवणकाम करून पोट भरणारी बाई आहे. आपल्या केंद्राला प्रथमच लिहीत आहे. नाव लिहिलेले नाही, त्याबद्दल क्षमा असावी. उत्तर शाळेतल्या शिपाईबाईंच्या पत्त्यावर पाठवावे, तो मागे दिला आहे.

नवऱ्याचे घर मी थोरल्या बहिणीच्या सांगण्यावरून सोडले. तिचे सांगणे बरोबर होते, त्याबद्दल तक्रार नाही. तेव्हापासून मी वडिलांच्या घरात राहते. वडील आता नाहीत. भावाला घर पाडून नवे बांधायचे आहे आणि ते त्याच्या एकट्याच्या नावावर हवे आहे. भाऊ वाईट नाही. थोरल्या बहिणीने आपला हिस्सा त्याला सोडून दिला आहे. मला तिने विचारले नाही. आपण फक्त आपलेच काहीतरी सोडतो आहोत, असे तिला वाटले असावे.

माझ्या खोलीत शिलाईचे मशीन आहे. मी घरी परत आले तेव्हा वडिलांना धाप लागत होती, तरी त्यांनी मोठे कपाट स्वतः हलवून खिडकी मोकळी करून दिली, सुईवर उजेड पडावा म्हणून. नव्या घरात ही खोली राहणार नाही. मला पडदा लावून मिळणार आहे. मी सही दिली नाही तर भावाचे दुकान अडेल आणि ते माझ्यामुळे झाले असे मलाच जन्मभर वाटत राहील. म्हणून विचारते, मी नाही म्हणाले तर तो स्वार्थीपणा होईल का?

आपण म्हणाल, बहिणीलाच का विचारले नाही. विचारले होते. ती चांगली आहे, पण फार कामात असते, आणि तिच्याकडे घरची पत्रे शेवटी उघडतात. म्हणून आपल्याला लिहीत आहे.

आपली कृपाभिलाषी,
एक अर्जदार


केंद्रातून,
१८ मार्च

चि. खारूस,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, म्हणून नुसतं चि. खारूस लिहिलं.

आज सकाळी तुझं पत्र सगळ्यांत आधी उघडलं. आमच्याकडे रोजची पद्धत आहे, तुला माहीत आहे. आलेली पत्रं टंकलेखिका मोठ्याने वाचते, नावं गाळून, आणि टेबलाभोवती बसलेली प्रत्येक जण आपलं मत सांगते. तुझ्या पत्रात थोरल्या बहिणीचं आलं तिथे मी तिला थांबवलं. म्हणाले, ही बहीण फार उदार दिसतेय, दुसरीच्या जिवावर. आधी हिलाच सभेला बोलवा. सगळ्या हसल्या. वकीलबाई मात्र हसल्या नाहीत. मग टंकलेखिका पुढे वाचायला लागली आणि कपाट आलं.

मी उठून कागद हातात घेतला. अक्षर तू बदललं होतंस, ठळक सुटं काढलं होतंस, शाळेत पाटीवर काढायचीस तसं. शेवटची ओळ मीच मोठ्याने वाचली. मग त्यांना सांगितलं की ती बहीण मी. वकीलबाईंनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

खणात घरची पत्रं होती. तुझं फेब्रुवारीतलं न फोडलेलं, वर टाचण्यांची डबी ठेवलेली, उडू नये म्हणून. त्याच्यावर दादाचं. दोन्ही आज वाचली. तू वाट बघत होतीस आणि मी सभांमधून कागद झोपवायला सांगत फिरत होते. खारू, मला स्वतःची फार लाज वाटते. बाबांच्या वेळी पोचले नाही, ते मनातलं फेडायला निघाले आणि दादाला तुझी भिंत काढून दिली. त्याला दिली म्हणून स्वतःवर खूषही झाले. या कामात मी अशी माणसं पुष्कळ पाहिली आहेत. आपण त्यांच्यातले असू, हे कधी डोक्यातच आलं नाही.

आता कामाचं. नोंदणी झालेली नाही, म्हणून मी सही मागे घेत असल्याचं दादाला आजच लिहिलंय. तो चिडेल. त्याला दिलेला शब्द मी मोडतेय, तेव्हा त्याचा राग मी ऐकून घेणार आहे. वकीलबाई म्हणतात, घर तिघांच्या नावावर राहूनही बांधता येतं. दुसरी बँक शोधावी लागेल, वेळ जाईल, आणि नकाशात जिना दुसरीकडे न्यावा लागेल. तो न्यायला सांगायला मी रविवारी येते. सकाळच्या पहिल्या गाडीने.

आणि केंद्राचं उत्तर असं, ते सगळ्यांच्या मताने लिहिते. बाई, सही करू नका. तुम्ही नाही म्हणालात तर तो स्वार्थीपणा होत नाही. तुमचं पत्र आम्हाला मिळालं, हे आमचं नशीब.

यापुढे घरची पत्रं आधी उघडीन. हे वचन उशिराचं आहे, तरी ठेवून घे.

तुझी,
ताई


घरून,
३१ मार्च

ती. ताईस,
खारूचा सा. न. वि. वि.

तू गेल्यापासून घर अजून जागेवर आलेलं नाही. दादा माझ्याशी कामापुरतं बोलतो आणि तुझं नाव निघालं की चष्मे पुसायला घेतो. परवा दुकानाची जागा सोडली. काचांची खोकी आता बाबांच्या खोलीत आलीत, वहिनीचं इस्त्रीचं टेबल स्वयंपाकघरात गेलंय, आणि गिऱ्हाइकं व्हरांड्यात बसून भिंतीवरची अक्षरं वाचतात. निम्मी गिऱ्हाइकं आलीच नाहीत. तो दिवसभर रस्त्याकडे बघत बसलेला दिसला की माझं मशीन थांबतं. तू लिहिलंस की तो स्वार्थीपणा नव्हे. कागदावर ते पटतं. तो समोरून गेला की पुन्हा वाटायला लागतं.

पण काल तो नकाशा घेऊन माझ्या खोलीत आला. टेबलावर पसरला. जिना खोडलेला होता. रबराने घासून कागद तिथे पातळ झालाय आणि जुन्या पायऱ्यांच्या रेघा अजून दिसतात. खिडकी कुठल्या बाजूला हवी, एवढंच त्याने विचारलं. मी दाखवली. मग तो बटणांच्या डब्यांकडे बघत म्हणाला, बाबांना ते कपाट हलवायला मी मदत करायला हवी होती, मी दुकानात होतो. एवढं बोलून गेला. आपल्या घरात सगळ्यांना बाबांचंच काहीतरी लागून राहिलंय.

तो कागद अजून माझ्या उशाखालीच आहे. एक रात्र झोपू द्यायचा म्हणाली होतीस, उठवायचा कधी ते सांगितलं नव्हतंस.

तुझ्या कचेरीत तुला असं उघडं पाडलं, ते मात्र मला खुपतंय. पत्र टाकल्यावर पेटीत हात घालून परत काढावंसं वाटलं होतं. सगळ्यांसमोर वाचतात हे मला माहीत होतं, ताई. माहीत असूनच लिहिलं. ते तू मनात धरलंस तरी चालेल.

आणि तुझं ते वचन मी ठेवून घेत नाही, परत पाठवते. घरची पत्रं आधी उघडलीस तर दुसऱ्या कोणाचं तरी टाचण्यांच्या डबीखाली राहील, आणि तिला अक्षर बदलून पुन्हा लिहायचं सुचणार नाही. नियम होता तसाच राहू दे. तू फक्त मला घरच्यांत धरू नकोस, त्या बायकांत धर. म्हणून या पाकिटावर मी पाठवणारीचं नाव घातलेलं नाही. तू हे आज सकाळी, सगळ्यांत आधी उघडलं असशील.

उत्तराला उशीर झाला तरी माया तीच राहील.

तुझी,
खारू